पाणी वाढलं, पण कार्यक्रम चांगला होता का?

बीड जिल्ह्यात बालाघाट डोंगररांगेच्या उतारावरच्या काही गावांमध्ये एका संस्थेने तीन वर्षं पाणलोटाचं काम केलं होतं. माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खोदलेले चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाल्याचं खोलीकरण आणि सिमेंट बांध. पैसा एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतला. २०२२ च्या उन्हाळ्यात या कामाचं मूल्यमापन आमच्या छोट्या गटाकडे आलं. कंपनीचा प्रश्न एका ओळीचा होता: कार्यक्रम यशस्वी झाला का?

संस्थेकडे उत्तर तयार होतं. त्यांच्या मसुद्यात एक आलेख होता: २०१९ च्या मे महिन्यातली विहिरींची पातळी आणि २०२२ च्या मे महिन्यातली. दोन खांबांमधला फरक डोळ्यांत भरणारा होता. पण २०१९ चा उन्हाळा कसा गेला हे त्या भागात कुणालाही विचारा. त्याच्या आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि पुढचे महिने चारा छावण्यांवर आणि टँकरवर निघाले. २०२२ चं चित्र नेमकं उलटं. आदल्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने मांजरेला पूर आणला होता. या दोन वर्षांची तुलना केली तर एकही चर न खोदलेल्या गावातही पाणी वाढलेलंच दिसणार.

म्हणून पहिलं काम तुलनेची गावं शोधण्याचं होतं. जिथे हे काम झालं नाही, पण पाऊस, उतार, खडक आणि पिकं साधारण तीच आहेत अशी गावं. पावसासाठी त्याच महसूल मंडळातली किंवा शेजारच्या मंडळातली गावं घेतली, कारण पावसाची नोंद मंडळनिहाय मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अनेक वर्षांपासून निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा. तुलनेच्या गावांची २०१९ ची स्थिती कळायला याच नोंदी कामी आल्या. मग हिशोब साधा होतो. तुलनेच्या गावांत पातळी जेवढी वाढली तेवढी पावसाची, आणि कार्यक्रमाच्या गावांत त्याहून जेवढी जास्त वाढली तेवढी कामाची असू शकते. ‘असू शकते’ हे शब्द आमच्या गटातल्या संख्याशास्त्राच्या मित्राने शेवटपर्यंत सोडू दिले नाहीत. विहिरी पुष्कळ असल्या तरी गावं थोडी होती, आणि एका गावातल्या विहिरी एकाच नाल्यावर जगतात. त्यांना शंभर स्वतंत्र पुरावे मानणं चुकीचं ठरलं असतं.

त्यानंतर आकडे साफ करायला बसलो. या कामाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण निकालाची दिशा इथेच बदलते. पायाभूत पाहणी, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची नोंद, दुसऱ्या एका यंत्रणेने केली होती. तिच्या नोंदींत काही विहिरींची खोली कठड्यापासून मोजलेली होती, काहींची जमिनीपासून. काही शेतकऱ्यांनी खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगितली होती आणि लिहिणाऱ्याने ते तसंच फुटांच्या रकान्यात टाकलं होतं. जमिनीच्या रकान्यात २.२० एकर असं लिहिलेलं होतं. शेतकऱ्याच्या बोलण्यात ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. संगणकाला मात्र ते दोन पूर्णांक दोन दशांश. उत्पादन क्विंटलमध्ये विचारलं होतं, पण सोयाबीनचा उतारा गावात पिशवीवर सांगतात, म्हणजे एक पिशवी बियाण्याला किती क्विंटल झालं ते. एकरी किती, हा प्रश्न ऐकून शेतकरी मनात आकडेमोड करतो आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. आम्ही शंकास्पद विहिरींवर पुन्हा गेलो. पाण्याला टेकली की वाजणारी टेप सोडून पातळी मोजली आणि कठड्याची उंची वेगळ्या रकान्यात लिहिली. ज्या जुन्या नोंदी दुरुस्त करता येत नव्हत्या त्या वगळल्या, आणि वगळल्या हे अहवालात लिहिलं. त्यांच्याशिवाय आलेखातला फरक बराच आखडला.

माणसांच्या बाबतीतली गफलत याहून गंभीर होती. घरोघरची पायाभूत पाहणी जानेवारीत झाली होती. जानेवारीत या गावांतली किती घरं उघडी असतात? दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. पाहणी करणाऱ्यांना जिथे कुलूप दिसलं तिथे त्यांनी शेजारचं घर घेतलं होतं. नियमात बसणारी गोष्ट आहे ती, पण तिचा परिणाम असा झाला की कार्यक्रमाचा एक मोठा दावा, ‘स्थलांतर कमी झालं’, हा मुळात स्थलांतर न करणाऱ्या घरांना विचारून ठरवला गेला. आम्ही आमची पाहणी पाडव्यानंतर ठेवली, तरी २०२२ मध्ये तेही पुरलं नाही. त्या हंगामात ऊस इतका उरला होता की मराठवाड्यातलं गाळप मे संपून जूनपर्यंत चाललं, आणि कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, अजून फडातच होते. मग दुसरी फेरी जूनमध्ये करावी लागली. कंपनीचा अधिकारी मुदतीसाठी तगादा लावत होता. मी त्याला सांगितलं, ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता तीच माणसं यादीत नसतील तर मुदतीत दिलेल्या अहवालाचा काही उपयोग नाही.

हे चालू असतानाच, निकालाचे तक्ते काढण्याआधी, आम्ही एक गोष्ट हट्टाने केली. ‘चांगलं’ म्हणजे किती, हे आकडे पाहण्याआधी ठरवलं.

मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने मूल्यमापनाचं तर्कशास्त्र चार पायऱ्यांत मांडलं आहे. निकष ठरवा, प्रत्येक निकषावर किती झालं म्हणजे चांगलं ते ठरवा, मोजा, आणि मग सगळं एकत्र करून निवाडा द्या. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत पहिली आणि तिसरी पायरी असते. निकष असतात, मोजणी असते, आणि त्यांच्यानंतर थेट ‘लक्षणीय सुधारणा’ हे शब्द येतात. विहिरीत मीटरभर पाणी वाढलं हे कळतं. मीटरभर पुरेसं आहे का, कुणाला पुरेसं आहे, हे विहीर सांगत नाही. ते माणसांनी सांगायचं असतं, आणि कोणत्या माणसांनी सांगायचं यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून गावोगावी बैठका घेतल्या. चावडीवरची बैठक वेगळी, वस्तीवरची वेगळी, आणि बायकांची त्यांच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी. प्रश्न एकच ठेवला: या कामानंतर तुमच्या गावात काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की काम चांगलं झालं?

चावडीवर बागायतदार म्हणाले, गव्हाला शेवटचं पाणी मिळालं पाहिजे. एकाने मोसंबी जगली पाहिजे असं सांगितलं. कोरडवाहू शेतकऱ्यांचं मागणं त्याहून लहान होतं: सोयाबीन फुलात असताना पावसाने ताण दिला तर एक पाणी द्यायला विहिरीत असावं, आणि हरभऱ्याला दोन. वस्तीवर, जिथे बहुतेकांना जमीनच नाही, तिथे एक मावशी म्हणाल्या, “ताई, नाल्यात पाणी दिसतं ते चांगलंच हाय. पण चैतापस्तोर हापशाला पाणी येतं, पुढं नाही. वैशाखात मला रात्री उठून नंबर लावायचा नसला, तर मी म्हणीन झालं काम.” तिथल्या सगळ्याच बायकांनी मान हलवली. चावडीवर पिण्याच्या पाण्याचा विषय आम्ही काढल्यावर निघाला, आपणहून नाही.

या उत्तरांवरून आम्ही एक तक्ता तयार केला. प्रत्येक निकषासमोर चार पातळ्या, उत्तम, चांगलं, पुरेसं आणि कमी, आणि प्रत्येक पातळीवर काय दिसायला हवं याचं वर्णन गावकऱ्यांच्याच शब्दांत. संरक्षित सिंचनाच्या निकषावर ‘पुरेसं’ म्हणजे ताणाच्या काळात खरिपाला एक पाणी देता येणाऱ्या विहिरी निम्म्याहून अधिक, आणि त्या फक्त नाल्याकाठच्या नकोत. कामांच्या दर्जासाठी वेगळी ओळ, खर्चासाठी वेगळी, देखभाल कोण करतं यासाठी वेगळी. आंतरराष्ट्रीय संस्था वापरतात ते निकष, म्हणजे सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, टिकाऊपणा वगैरे, आम्ही ताडून पाहायला घेतले. त्यांत पाण्याचं वाटप कुणात झालं याला स्वतःचा रकाना नाही, तो आम्ही वाढवला.

कंपनीला मात्र शंभरपैकी गुण हवे होते. प्रत्येक निकषाला वजन द्या, बेरीज करा, एक आकडा सांगा. संचालक मंडळासमोर एक आकडा मांडणं सोपं जातं हे मला समजतं. पण बेरजेत एक मोठा दोष आहे. खर्चात मिळालेले जादा गुण पिण्याच्या पाण्यातली तूट भरून काढतात. कागदावर ७२ गुण मिळवणाऱ्या गावात बायका वैशाखात रात्री हापशावर उभ्या असू शकतात, आणि तो आकडा वाचणाऱ्याला ते कधीच कळत नाही. काही गोष्टी किमान अट म्हणून ठेवाव्या लागतात. ती अट पाळली गेली नाही तर बाकी कितीही चांगलं असलं तरी निवाडा एका पातळीच्या वर जात नाही. आम्ही उन्हाळ्यात प्रत्येक वस्तीला पिण्याचं पाणी ही तशी अट ठेवली.

इथे संस्थेच्या प्रमुखांशी माझा मोठा वाद झाला. ते मनापासून काम करणारे गृहस्थ आहेत, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. “आमचा कार्यक्रम भूजल पुनर्भरणाचा होता,” ते म्हणाले. “नळयोजना ग्रामपंचायतीची. जे आम्ही कबूलच केलं नव्हतं त्यावर आमचा न्याय का करता?” कार्यक्रमाला त्याच्या उद्दिष्टांवर जोखायचं की लोकांच्या गरजेवर, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. मला स्वतःला गरज वरचढ वाटते. उद्दिष्टं संस्था आणि देणगीदार यांच्यात ठरतात, त्या खोलीत वस्तीवरच्या बायका नसतात. पण माझं मत हा पुरावा नव्हे. म्हणून आम्ही मूळ प्रस्ताव काढला. त्यात ‘गावं टंचाईमुक्त करणे’ हे वाक्य होतं, आणि जेसीबी नाल्यात उतरण्याआधी हेच वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवलेलं होतं. टंचाई हा शब्द गावात कुणीही गव्हाच्या शेवटच्या पाण्यासाठी वापरत नाही. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ठीक आहे, पण अहवालात आमचा आक्षेपही छापा. आम्ही तो त्यांच्याच शब्दांत छापला.

मग आकडे उघडले.

ऑक्टोबरच्या नोंदींत कार्यक्रमाची गावं तुलनेच्या गावांच्या पुढे होती. पाऊस वजा करूनही फरक उरत होता. म्हणजे कामं खरी होती, पाणी मुरत होतं. नाल्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींत हे ठळक दिसत होतं, माथ्याकडच्या विहिरींत जवळजवळ काहीच नाही. सगळ्या विहिरींची सरासरी काढली असती तर दोन्हीकडचं खरं चित्र पुसलं गेलं असतं.

मे महिन्याच्या नोंदी उघडल्या तेव्हा मात्र बऱ्याच गावांत तो फरक विरघळलेला होता. ऑक्टोबरात जमिनीत आलेलं पाणी मेपर्यंत कुठे गेलं? बोअरवेलची मोजणी आम्ही पाहणीत घातली होती म्हणून उत्तर सापडलं. जिथे नाल्यावर काम झालं तिथे पुढच्या दोन-तीन वर्षांत नाल्याकाठी नव्या बोअर पडल्या होत्या, काही ठिकाणी ऊस आला होता. पाणी वाढल्याचं पाहूनच लोकांनी हा खर्च केला होता. शेतकऱ्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. ज्या जिल्ह्यातून माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात तिथे स्वतःच्या रानात ऊस उभा करण्याची आस मला कळते. पण एकाच पाण्याची किंमत कशी बदलते ते पाहा. आपल्या बेसाल्ट खडकाच्या मुरमाड थरात पाणी धरून सोडण्याची क्षमता ढोबळमानाने २ टक्के धरतात. म्हणजे विहिरींची पातळी एक मीटरने वाढली तर हेक्टरमागे जेमतेम २०० घनमीटर पाणी मिळालं. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला ५०० घनमीटर लागतं. आलेखातला ‘मीटरभर’ ऐकायला मोठा वाटतो, खडकात तो एवढाच.

आता समजा एका बांधामुळे वर्षाला दहा टीसीएम, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी हाताला लागलं. उसाला हेक्टरी २०,००० घनमीटरच्या आसपास लागतं, तेव्हा हे पाणी अर्ध्या हेक्टर उसात संपतं. त्याच पाण्यात दहा हेक्टर हरभऱ्याला दोन-दोन पाणी देता येतात. आणि जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने पाचशे माणसांच्या वस्तीला उन्हाळ्याचे शंभर दिवस पाणी द्यायला २,७५० घनमीटर पुरतं. पाणी तेवढंच, बांध तोच, खर्चही तोच. ‘प्रति टीसीएम खर्च’ हा कंपनीच्या आवडीचा आकडा तिन्ही ठिकाणी सारखाच येईल. हा तक्ता मी अहवालाच्या पहिल्याच पानावर घातला.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली तेव्हा त्यांनी वाटपाचा नियम कामाआधी ठरवला: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांचाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवल्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. आमच्या गावांत बांध आधी आला आणि नियम आलेच नाहीत. मूल्यमापनाच्या अहवालात मी असं वाक्य लिहावं की नाही यावर आमच्या गटात चर्चा झाली. हे निरीक्षण आहे की मत? मी म्हटलं, मत आहे, पण त्याचा पाया मे महिन्याच्या नोंदींत आहे, आणि तो पाया वाचकाला दिसेल असा मांडला की मत लपवण्याचं कारण उरत नाही.

ऊसतोडीच्या बाबतीत उत्तर अर्धवट मिळालं. नाल्याकाठी जमीन असलेली काही कुटुंबं आता जात नाहीत, हे जूनच्या फेरीत स्पष्ट दिसलं. माथ्याकडची आणि भूमिहीन कुटुंबं जातातच. एका जोडप्याने सांगितलं, जाणं थांबायचं तर आधी उचल फिटली पाहिजे, पाणी नंतर. पायाभूत पाहणीत ही कुटुंबं नसल्यामुळे ‘कमी झालं’ किंवा ‘झालं नाही’ असा निवाडा देता येत नव्हता, आणि आम्ही तो दिला नाही. त्या रकान्यात ‘निवाडा देण्याइतका पुरावा नाही’ असं लिहिलं. कंपनीला हा रकाना सर्वांत जास्त खटकला.

शेवटचा निवाडा आम्ही गावनिहाय दिला. कामांचा दर्जा बहुतेक ठिकाणी ‘चांगलं’. पुनर्भरण नाल्याकाठी ‘चांगलं’, माथ्यावर ‘कमी’. वाटप ‘कमी’. पिण्याच्या पाण्याची किमान अट मोजक्याच गावांत पाळली गेली होती, म्हणून एकूण निवाडा त्या मोजक्या गावांत ‘चांगलं’ आणि उरलेल्यांत ‘कमी’. प्रत्येक शब्दाशेजारी तो कोणत्या नोंदींवरून आला आणि कोणत्या वर्णनाशी जुळला हे लिहिलं. कुणाला आमच्या अटी पटल्या नाहीत तर त्याने तेच आकडे घेऊन वेगळा निवाडा काढावा, एवढी वाट उघडी ठेवली.

मग तक्ता घेऊन परत गावांत गेलो. एका गावात ग्रामसभा चांगलीच तापली. वस्तीवरच्या बायकांनी विचारलं, बांधाखालची सार्वजनिक विहीर उन्हाळ्यात आमच्यासाठी राखून का ठेवत नाही? सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. त्या विहिरीभोवतीच्या बोअरचं अंतर आम्ही जीपीएसवर मोजलेलं होतं, ते वाचून दाखवलं. दोन बोअरमालक उठून गेले. सरपंच म्हणाले, ठराव पुढच्या सभेत घेऊ. बायकांनी तो त्याच सभेत लिहून घ्यायला लावला: मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्या विहिरीवर शेतीची मोटर चालणार नाही. बोअरबद्दल ठरावात काही आलं नाही.

कंपनीने पुढच्या टप्प्यासाठी आमच्या तीन शिफारशींपैकी दोन मानल्या. पाहणी ऊसतोडीवरून माणसं परतल्यावर होईल, आणि बांधाची जागा ठरवण्याआधी पिण्याच्या पाण्याची विहीर ठरेल. गावातल्या बोअरची यादी आणि पिकांखालचं क्षेत्र दरवर्षी ग्रामसभेत वाचायचं, ही तिसरी शिफारस त्यांनी ‘गावाचा अंतर्गत प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवली. त्यासाठी आम्ही आता संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर काम करतो आहोत, आणि पुढच्या मे महिन्यात टेप घेऊन त्याच विहिरींवर जायचं ठरलं आहे.